काळी खुर्ची आणि व्यासंग

१

परीक्षा घेणे हा शिक्षकाच्या नित्यकर्माचाच एक भाग आहे. ते कर्म इतक्या वेळा आणि इतक्या सवयीने घडते, की त्याच्या मुळाशी असलेल्या एका गृहीतकाकडे आपले लक्षही जात नाही. विषय कोणता, पुस्तक कोणते, प्रश्न कोणता, हे ठरविण्याचा अधिकार प्रश्न विचारणाऱ्याचा. दुसऱ्याने फक्त उत्तर द्यावयाचे. नेमून दिलेल्यापैकी तुला किती येते, असे आपण विद्यार्थ्यास विचारतो. तुला काय येते, असे सहसा विचारीत नाही. त्यामुळे एखाद्या मुलास पक्ष्यांच्या सवयींचे, गावातील जुन्या शिलालेखांचे किंवा आगगाडीच्या इंजिनांचे शिक्षकाहूनही सूक्ष्म ज्ञान असले, तरी ते गुणपत्रिकेत कोठेच उमटत नाही. आणि कालांतराने ते ज्ञान म्हणजे ज्ञानच नव्हे, असे त्या मुलासही वाटू लागते.

हे गृहीतक उलटे करून पाहणारा एक प्रयोग ब्रिटनमध्ये ११ सप्टेंबर १९७२ रोजी सुरू झाला. तो कोणा विद्यापीठाने वा शिक्षणमंडळाने आरंभिलेला नव्हता. बी.बी.सी. या प्रसारणसंस्थेने दूरचित्रवाणीवर सुरू केलेली ती एक प्रश्नमंजूषा होती, आणि 'मास्टरमाइंड' हे तिचे नाव. प्रश्नमंजूषा हा शब्द कानी पडताच अनेक सुज्ञ वाचकांच्या कपाळी आठी उमटते, हे आम्ही जाणून आहोत. पाठांतराचे प्रदर्शन आणि बक्षिसाची हाव, अशी या प्रकाराविषयी विद्वानांची समजूत असते, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. तथापि या एका कार्यक्रमाच्या प्रश्नकर्त्यांचा व स्पर्धकांचा इतिहास पाहिला असता व्यासंग, पदवी आणि द्रव्य या तिहींच्या परस्परसंबंधाविषयी काही गोष्टी आपोआप उघड होतात. त्या अध्यापकांपुढे विचारार्थ मांडाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

'मास्टरमाइंड'चे वेगळेपण ध्यानी येण्यासाठी प्रथम सतरा वर्षे मागे, आणि अटलांटिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकेत गेले पाहिजे. स्पर्धकाने आपला विषय स्वतः निवडावा ही कल्पना मुळात ब्रिटिश नव्हे. जून १९५५ मध्ये अमेरिकेत 'चौसष्ट हजार डॉलरचा प्रश्न' या अर्थाच्या नावाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यातही स्पर्धक आपल्या आवडीच्या विषयाचे नाव घेऊनच पुढे येत असे. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात जोडे दुरुस्त करणाऱ्या एका इटालियन वंशाच्या गृहस्थांनी ऑपेरा या संगीतनाट्यप्रकारावरील प्रश्नांची उत्तरे देऊन बत्तीस हजार डॉलर मिळविले. जॉइस ब्रदर्स या मानसशास्त्रज्ञ विदुषीने मुष्टियुद्धासारख्या विषयावर उत्तरे देऊन सर्वांत मोठे बक्षीस जिंकले. जोडे शिवणारा संगीताचा जाणकार असू शकतो आणि विदुषीस मुष्टियुद्धाचा इतिहास मुखोद्गत असू शकतो, हे पाहून लक्षावधी प्रेक्षक चकित झाले. ज्ञान हे पोशाखावरून व पेशावरून ओळखता येत नाही, हा मोठा बोध त्यातून घडण्याजोगा होता.

परंतु बक्षिसाच्या रकमेने त्या बोधाचा घात केला. बक्षीस मोठे, म्हणून प्रेक्षक अधिक. प्रेक्षक अधिक, म्हणून जाहिरातदारांस लाभ. आणि लाभ टिकवावयाचा तर स्पर्धेत कोण जिंकणार हे दैवावर सोडून चालणार नाही, अशी ती साखळी होती. १९५६ साली सुरू झालेल्या 'ट्वेन्टी-वन' या दुसऱ्या कार्यक्रमात ही साखळी तिच्या शेवटच्या कडीपर्यंत पोहोचली. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा एक स्पर्धक तेथे अनेक आठवडे जिंकत होता. प्रेक्षकांस त्याचा कंटाळा आला असे वाटताच निर्मात्यांनी त्यास हरण्यास सांगितले. १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक कोणास मिळाले, हा प्रश्न त्यास विचारण्यात आला. 'मार्टी' हे बरोबर उत्तर त्यास ठाऊक होते. तरीही ठरल्याप्रमाणे त्याने चुकीचे नाव घेतले. त्याच्या जागी जिंकू लागले ते चार्ल्स व्हॅन डोरेन. ते कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक होते आणि मार्क व्हॅन डोरेन या नामवंत कवीचे पुत्र. देखणे, सुसंस्कृत, विनयी असे हे अध्यापक पाहता पाहता अमेरिकन विद्वत्तेचे प्रतीक झाले आणि १९५७ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

पुढे चौकशी झाली. २ नोव्हेंबर १९५९ रोजी काँग्रेसच्या उपसमितीपुढे व्हॅन डोरेन यांनी कबूल केले, की प्रश्न व त्यांची उत्तरे आपणांस अगोदरच पुरविली जात होती. त्यांची विद्यापीठातील जागा गेली. १९६० साली अशा लबाडीस गुन्हा ठरविणारा कायदा करण्यात आला. या प्रकरणात आम्हांस सर्वांत बोचते ते असे, की फसवणुकीसाठी निवडलेला मनुष्य अडाणी नव्हता. त्यास पुष्कळ येत होते. ठाऊक असलेल्या उत्तरापाशी अडखळल्याचा अभिनय करणे, कपाळावरील घाम टिपणे, आठवण्याचे सोंग आणणे, हे सर्व एका खऱ्या अध्यापकाकडून करवून घेण्यात आले. ज्ञानाचे मोल डॉलरांत एकदा ठरले, की ज्ञान असणे आणि ज्ञान असल्याचे दिसणे यांतील भेद बाजारास उरत नाही.

३

या पार्श्वभूमीवर 'मास्टरमाइंड'ने काय ठेवले आणि काय टाकले, हे पाहण्याजोगे आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य तिने ठेवले. द्रव्य मात्र पार काढून टाकले. वर्षाच्या अंती विजेत्यास मिळे ते नक्षीदार काचेचे एक पात्र. रोख रक्कम नाही, नोकरी नाही, पदवीही नाही. ज्यास हरण्यासाठी वा जिंकण्यासाठी पैसा चारावा असे काही तेथे उरलेच नाही.

या कार्यक्रमाचे जनक बिल राइट यांच्या आयुष्यातील एक कटू अनुभव त्याच्या रचनेत उतरला आहे. दुसऱ्या महायुद्धात राइट ब्रिटिश वायुदलात होते. ते जर्मनांच्या हाती सापडले, आणि गेस्टापो या गुप्त पोलिसदलाने त्यांची उलटतपासणी केली. अंधारी खोली, एकटी खुर्ची, डोळ्यांवर रोखलेला दिवा आणि समोरून येणारे प्रश्न, ही ती परिस्थिती. नाव, हुद्दा आणि क्रमांक एवढेच युद्धकैद्याने सांगावयाचे असते. राइट यांनी तीच मांडणी उचलली. काळ्या चामड्याची खुर्ची, भोवती काळोख, एकच प्रकाशझोत. आणि आरंभी तीन प्रश्न: आपले नाव? आपला व्यवसाय? आपला निवडीचा विषय? कैद्याच्या क्रमांकाच्या जागी येथे माणसाच्या आवडीचा विषय येऊन बसला. छळाच्या आठवणीतून निघालेल्या या चौकटीचा उपयोग माणसाचा मान वाढविण्याकडे व्हावा, हे आम्हांस त्या कार्यक्रमाच्या इतिहासातील मोठे मर्म वाटते.

नियमही साधे होते. प्रथम दोन मिनिटे निवडीच्या विषयावर प्रश्न, नंतर दोन मिनिटे सर्वसामान्य ज्ञानावर. निवडीच्या विषयाचे प्रश्न त्या त्या विषयाच्या जाणकारांकडून काढून घेतले जात. चार पर्याय पुढे करून त्यांतून एक उचलण्याची सवलत नव्हती. उत्तर येत नसेल तर 'पास' म्हणावे आणि पुढे जावे. उत्तर चुकले तर प्रश्नकर्ता तेथल्या तेथे बरोबर उत्तर सांगे. 'पास' म्हणून सोडलेल्या प्रश्नांची उत्तरे शेवटी वाचून दाखविली जात. दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचे 'पास' कमी तो विजयी. या नियमांत अध्यापनाची एक उत्तम रीत दडलेली आहे. एकही चूक दुरुस्त केल्यावाचून सोडली जात नाही, आणि न येणे लपविण्यापेक्षा ते सांगून मोकळे होणे तेथे मान्य ठरते.

कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण पुष्कळदा विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या सभागृहांत केले जाई. पहिला भाग लिव्हरपूल विद्यापीठात झाला. आरंभी अधिकाऱ्यांचा या कार्यक्रमावर फारसा भरवसा नव्हता. इतका रूक्ष प्रकार कोण पाहणार, अशा विचाराने त्यास रात्री उशिराची वेळ देण्यात आली. १९७३ साली एका विनोदी मालिकेच्या चावटपणाविषयी प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या, ती मालिका उशिराच्या वेळेकडे ढकलण्यात आली, आणि रिकाम्या झालेल्या चांगल्या वेळी 'मास्टरमाइंड' आणून बसविण्यात आले. हा बदल तात्पुरता होता. परंतु प्रेक्षक इतके वाढले, की कार्यक्रम त्या वेळेवर स्थिर झाला. सामान्य प्रेक्षकास ज्ञानाचे वावडे असते हा समज अधिकाऱ्यांचा होता. प्रेक्षकांनी तो खोटा पाडला.

४

या काळ्या खुर्चीसमोर पंचवीस वर्षे, म्हणजे १९७२ पासून १९९७ पर्यंत, एकच गृहस्थ प्रश्न विचारीत होते. त्यांचे नाव मॅग्नस मॅग्नुसन. इंग्रजीतून प्रश्न विचारणारा हा ब्रिटनचा सुप्रसिद्ध प्रश्नकर्ता जन्माने आइसलँडचा होता. १२ ऑक्टोबर १९२९ रोजी रेक्याविक येथे त्यांचा जन्म झाला. वडील एडिनबरो येथे आले, तेव्हा मॅग्नस अवघ्या नऊ महिन्यांचे होते. शिक्षण स्कॉटलंडमध्ये व पुढे ऑक्सफर्ड येथे झाले. वृत्तपत्रव्यवसायही स्कॉटलंडमध्येच केला. तथापि आइसलँडचे नागरिकत्व त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. १९८९ साली ब्रिटनने त्यांना सर पदाच्या तोडीचा किताब दिला, तोही परदेशी नागरिकास देतात तसा सन्मानार्थच.

आपल्या भाषाप्रदेशापासून दूर वाढलेल्या या माणसाचे खरे जीवनकार्य दूरचित्रवाणीवर नव्हते, ते लेखनाच्या मेजावर होते. हेरमान पाल्सन या विद्वानांच्या सहकार्याने त्यांनी मध्ययुगीन आइसलँडिक सागांची इंग्रजी भाषांतरे केली. 'न्यालची सागा' १९६० साली, व्हिनलंडच्या सागा १९६५ साली, 'लॅक्सडेला सागा' १९६९ साली प्रसिद्ध झाली. हाल्डोर लाक्सनेस या नोबेल पारितोषिकविजेत्या आइसलँडिक कादंबरीकाराच्या कृतीही त्यांनी इंग्रजीत आणल्या. घरात एक भाषा, बाहेर दुसरी; वाचकवर्ग एका भाषेचा, मूळ ठेवा दुसरीचा; आणि या दोहोंमध्ये आयुष्यभर फेऱ्या घालणे, ही अवस्था बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. अल्पसंख्याकांची भाषा सांभाळणारा मनुष्य थोरांच्या भाषेत कसा मान मिळवू शकतो, याचे मॅग्नुसन हे एक ठळक उदाहरण होत.

प्रश्नकर्ता म्हणून त्यांच्या ठायी जो गुण होता तो याच व्यासंगातून आला असावा, असे आम्हांस वाटते. ज्याने स्वतः एखाद्या विषयात वर्षे घालविली आहेत, तो दुसऱ्याच्या विषयास हसत नाही. मॅग्नुसन यांचे प्रश्न जलद असत, परंतु स्वरात उपहास नसे. प्रश्न अर्धा वाचून झाला असता वेळ संपल्याची खूण झाली, तर 'आरंभ केला आहे, तर पूर्ण करतो' अशा आशयाचे वाक्य उच्चारून ते प्रश्न पुरा करीत आणि उत्तरास अवसर देत. हे वाक्य पुढे इंग्रजी बोलण्यात म्हणीसारखे रुळले. त्याची थट्टाही झाली. १९८० साली 'द टू रॉनीज' या विनोदी कार्यक्रमात प्रत्येक वेळी मागल्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या स्पर्धकाचे जे प्रहसन सादर झाले, ते आजही विनोदाचा नमुना म्हणून दाखविले जाते. परंतु थट्टेच्या पलीकडे पाहिले तर त्या वाक्यात एक न्याय होता: घड्याळाने स्पर्धकाचा हक्क हिरावून घेऊ नये. तासाची घंटा झाली म्हणून मुलाचे अर्धे वाक्य तोडणाऱ्या आपणां सर्वांस तो न्याय विचारात घेण्याजोगा आहे.

५

आता काळ्या खुर्चीत बसलेल्यांकडे वळू. पहिल्या तीन वर्षांचे विजेतेपद सलग तीन स्त्रियांनी मिळविले: १९७२ साली नॅन्सी विल्किन्सन, १९७३ साली पॅट्रिशिया ओवेन आणि १९७४ साली एलिझाबेथ हॉरॉक्स. हॉरॉक्सबाईंच्या निवडीच्या विषयांत शेक्सपिअरची नाटके होती, तशीच टॉल्किन व डोरोथी सेयर्स यांची कथासृष्टीही होती. म्हणजे अभिजात वाङ्मय व लोकप्रिय वाङ्मय या दोहोंस एकाच खुर्चीवर समान आसन मिळाले. १९७७ सालचे विजेते सर डेव्हिड हंट हे मुरलेले राजनयिक. अॅटली व चर्चिल या दोन पंतप्रधानांच्या खाजगी कचेरीत काम केलेले, अनेक देशांत ब्रिटनचे प्रतिनिधित्व केलेले. अशा पंडिताने जिंकावे यात कोणास नवल वाटले नाही.

नवल वाटले ते १९८० साली. त्या वर्षीचे विजेते फ्रेड हाउसगो हे लंडनच्या रस्त्यांवर काळी टॅक्सी चालविणारे गृहस्थ होते. शालान्त परीक्षेतील केवळ एका विषयाचे प्रमाणपत्र गाठीस बांधून त्यांनी शाळा सोडली होती. त्यांचे विषय होते राजा दुसरा हेन्री, वेस्टमिन्स्टर अॅबी हे राजाभिषेकाचे चर्च आणि लंडनचा किल्ला. ज्या वास्तूंवरून ते रोज उतारूंस नेत होते, त्यांचाच इतिहास त्यांनी आपलासा केला होता. वृत्तपत्रांनी मोठाले मथळे दिले. एका रात्रीत ते देशभर प्रसिद्ध झाले आणि पुढे नभोवाणी व दूरचित्रवाणीवर निवेदक म्हणूनही दिसू लागले.

त्या आश्चर्यात कौतुकाबरोबर थोडा अन्यायही होता, हे मात्र नोंदविले पाहिजे. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालविण्याचा परवाना सहजासहजी मिळत नाही. त्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिचे नावच मुळी 'ज्ञान' या अर्थाचे आहे. ती १८६५ सालापासून घेतली जाते. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे पंचवीस हजार रस्ते, त्यांना जोडणारे तीनशे वीस नेमलेले मार्ग, शिवाय वाटेवरील रुग्णालये, नाट्यगृहे, न्यायालये, स्मारके, हे सर्व तोंडपाठ असावे लागते. उमेदवार एकटा परीक्षकासमोर बसतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतचा मार्ग वळणावळणाने तोंडी सांगतो. हा अभ्यास पुरा करण्यास सामान्यतः तीन-चार वर्षे लागतात. एवढ्या कठीण मौखिक परीक्षेतून पार पडलेल्या माणसास 'अशिक्षित' म्हणणे, हे शिक्षण या शब्दाचा अर्थ आकुंचित करणे होय. काळ्या खुर्चीने हाउसगो यांस विद्वान केले नाही. ते विद्वान होतेच. त्यांस विचारणारे तोवर कोणी भेटले नव्हते, इतकेच.

हा प्रकार एकदाच घडता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. परंतु १९८३ साली क्रिस्टोफर ह्यूज हे लंडनच्या भुयारी रेल्वेवरील गाडीचालक विजयी झाले. विसाव्या शतकातील ब्रिटिश वाफेची इंजिने हा त्यांचा एक विषय, आणि जॉर्ज मॅकडोनल्ड फ्रेझर यांच्या 'फ्लॅशमन' या ऐतिहासिक कादंबऱ्या हा दुसरा. १९८५ साली इयान मेडोज या रुग्णालयातील वाहनचालकाने विजेतेपद मिळविले. इंग्लंडमधील यादवी युद्ध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. सहा वर्षांत तीन चालक! विद्यापीठांच्याच सभागृहांत, विद्यापीठांचे पदवीधर, वकील, मुलकी अधिकारी यांच्या बरोबरीने बसून त्यांनी ते यश मिळविले. उपजीविका एका मार्गाने चालते, व्यासंग दुसऱ्या मार्गाने. आणि दुसऱ्यास पहिल्याची शिफारस लागत नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

६

या प्रकारावर घेतले जाणारे आक्षेपही प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की येथे स्मरणाची परीक्षा होते, आकलनाची होत नाही. तो बराचसा खरा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात व एका क्षणात देता येते आणि ज्याविषयी मतभेद संभवत नाही, तोच प्रश्न अशा ठिकाणी चालतो. राजा दुसरा हेन्री केव्हा राज्यावर आला हे विचारता येते. त्याच्या व आर्चबिशप बेकेट यांच्या वैरात न्याय कोणाच्या बाजूस होता हे विचारता येत नाही. इतिहासाचे हृदय 'का' या प्रश्नात असते, आणि दोन मिनिटांच्या घड्याळास 'का' परवडत नाही. हे मान्य करूनही आम्ही एवढेच म्हणू, की 'केव्हा' व 'कोठे' यांची भक्कम बैठक असल्यावाचून 'का'ची चर्चा हवेत तरंगते. स्मरण हे पांडित्य नव्हे. परंतु पांडित्याचे ते धान्याचे कोठार आहे.

दुसरा आक्षेप विषयांच्या निवडीविषयीचा. कोणताही विषय चालेल म्हटले, की काहीही पुढे येते. एका इच्छुकाने लेचवर्थ या गावापासून ब्रिटनमधील कोणत्याही ठिकाणी जाण्याचे रस्ते, हा आपला विषय म्हणून सुचविला होता. दुसऱ्या एकाचा विषय केळ्यांचा व्यापार हा होता. असे विषय नाकारले गेले. एक अतिविस्तृत, तर दुसरा प्रेक्षकांच्या गळी न उतरणारा. परंतु या नाकारलेल्या विषयांकडे पाहूनही आम्हांस हसू येत नाही. मानवी कुतूहल किती चमत्कारिक वाटांनी जाते, हे त्यांतून दिसते. शिवाय निवडीच्या विषयापाठोपाठ सर्वसामान्य ज्ञानाची फेरी होतीच. केवळ आपल्या विहिरीची खोली सांगून भागत नसे. गावातील इतर पाणवठेही ठाऊक असावे लागत. खोली व विस्तार या दोहोंचा तोल राखण्याची ही युक्ती आपल्या अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनाही पुष्कळदा साधलेली नाही.

७

१९९७ साली मॅग्नुसन निवृत्त झाले. त्यांचा शेवटचा अंतिम सामना ऑर्कनी बेटांवरील सेंट मॅग्नस या प्राचीन चर्चमध्ये झाला, आणि ती काळी खुर्ची त्यांनाच भेट देण्यात आली. त्या वर्षीच्या विजेत्या अॅन अॅशर्स्ट या सारा क्रेव्हन या टोपणनावाने प्रणयकथा लिहिणाऱ्या लेखिका होत्या. ७ जानेवारी २००७ रोजी मॅग्नुसन यांचे निधन झाले. मधल्या काळात कार्यक्रम काही वर्षे नभोवाणीवर व अन्य वाहिनीवर जाऊन २००३ साली बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर परतला. २००३ पासून २०२१ पर्यंत जॉन हम्फ्रीज हे प्रश्नकर्ते होते. राजकीय पुढाऱ्यांच्या कठोर मुलाखती घेण्याबद्दल ते प्रसिद्ध. पंधराव्या वर्षी शाळा सोडून वृत्तपत्रात शिरलेले. २०२१ साली त्यांच्या जागी आलेले क्लाइव्ह मायरी हे जमेकाहून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आईबापांचे पुत्र. २००४ साली शॉन वॉलेस हे बॅरिस्टर विजयी झाले. हे विजेतेपद मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय, आणि त्यांचा विषय होता फुटबॉलच्या एफ.ए. चषकाचे अंतिम सामने. दूरचित्रवाणीवरील मालिका व चित्रपटनट हेही विषय पुढे अधिक प्रमाणात येऊ लागले, आणि कार्यक्रम उथळ होत चालल्याची तक्रार झाली. ती तक्रार काही अंशी रास्त असेल. परंतु विजेत्यास अद्याप काचेचे पात्रच मिळते, ही गोष्ट विसरता येत नाही.

या कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती १९९८ साली बी.बी.सी. वर्ल्ड या वाहिनीवर सुरू झाली. प्रश्नकर्ते होते सिद्धार्थ बसू. १९८५ साली दूरदर्शनवरील 'क्विझ टाइम'मुळे ते घरोघर परिचित झालेले होते. 'मास्टरमाइंड इंडिया' इंग्रजीत चालली, आणि म्हणून तिचा प्रेक्षक मर्यादित राहिला. दोनच वर्षांनी, ३ जुलै २००० रोजी, 'कौन बनेगा करोडपती' हा हिंदी कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच्या निर्मितीमागेही हेच बसू होते. मूळ ब्रिटिश कार्यक्रमाच्या या अवतारात अमिताभ बच्चन यांच्यासारखा विख्यात नट प्रश्न विचारीत होता, चार पर्याय पुढे ठेवले जात होते, आणि बक्षीस होते एक कोटी रुपये. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणाने ते जिंकले. काळ्या खुर्चीच्या देशात जन्मलेल्या दोन परंपरा, एक काचेच्या पात्राची व दुसरी कोटीच्या धनादेशाची, आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी आल्या. त्यांतली दुसरी रुजली.

यावरून द्रव्याची निंदा करण्याचा आमचा मानस नाही. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील एका शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविणाऱ्या भगिनीने याच कार्यक्रमात एक कोटी रुपये मिळविले. तिच्यापुढे निरपेक्ष ज्ञानाचे प्रवचन करणे सुस्थितांस शोभणारे नाही. परंतु त्या प्रसंगीही आमच्या मनात जो प्रश्न आला तो वेगळा होता. ज्या शाळेच्या चुलीपाशी ती रोज उभी असे, त्या शाळेत तिला कधी कोणी विचारले असेल काय, की बाई, तुम्ही काय वाचता? तिचे ज्ञान प्रकट होण्यास एक कोटी रुपयांचे निमित्त लागावे, हे तिच्या लौकिकाचे असले तरी आपल्या शिक्षणव्यवस्थेच्या लौकिकाचे नाही.

मराठीत व्यासंग हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. अभ्यास परीक्षेसाठी करता येतो, अध्ययन पदवीसाठी करता येते. व्यासंग मात्र ज्याचा त्याने स्वतः लावून घ्यावयाचा असतो. तो नेमून देता येत नाही, म्हणून त्याची परीक्षाही नेमलेल्या पुस्तकावर घेता येत नाही. 'मास्टरमाइंड'च्या अर्धशतकाच्या इतिहासाचे सार आमच्या मते हेच, की समाजात व्यासंगी माणसांची वाण नसते, त्यांस आदराने प्रश्न विचारणारांची असते. प्रकाशझोत, संगीत, घड्याळ ही सर्व बाह्य सामग्री होय. त्या खुर्चीतील जे सत्त्व आहे, ते कोणत्याही खेड्यातील शाळेत एका पैशाच्या खर्चावाचून आणता येते. वर्षातून एक तास मुलांस आपापला विषय निवडू द्यावा; त्या विषयावर प्रश्न काढण्यासाठी शिक्षकाने स्वतः चार पाने वाचावीत; चुकलेले उत्तर तेथेच दुरुस्त करावे, आणि 'येत नाही' म्हणणाऱ्यास कमी लेखू नये. वर्गाच्या शेवटच्या बाकावर कोणत्या राजाचा, कोणत्या पक्ष्याचा वा कोणत्या इंजिनाचा जाणकार मुकाट बसलेला आहे, हे त्या तासापूर्वी कोणासच सांगता येणार नाही.